परराज्यातील शिकाऱ्यांसाठी हरणांचे परवाने (अमेरिका)

अमेरिकेत रानातले हरीण जमीनमालकाचे नसते. लोकांच्या वतीने राज्य त्याचे राखणदार असते. म्हणूनच परवाने देताना रहिवासी आणि बाहेरचा असा भेद राज्ये उघडपणे करतात. टेक्सासमध्ये हा भेद फक्त पैशांचा आहे. रहिवाशाला साधा परवाना २५ डॉलरला पडतो, तर बाहेरच्याला ३१५ डॉलरला, आणि मागेल त्याला तो मिळतो. मात्र तिथली बहुतेक जमीन खाजगी असल्याने खरा खर्च जमीनमालकाच्या फाटकाशी सुरू होतो.

पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत हरणे कमी आणि मागणारे फार, म्हणून तिथे सोडत निघते. ॲरिझोनात बाहेरच्यांच्या वाट्याला जास्तीत जास्त १० टक्के परवाने येतात. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के रहिवाशांना, १० टक्के स्थानिक शिकार-व्यावसायिकाशी करार केलेल्यांना आणि उरलेले ६ टक्के इतर परराज्यवाल्यांना, अशी वाटणी आहे. कोरड्या पश्चिमेबाहेरच्या आयोवातही पांढऱ्या शेपटीचा शिंगवाला नर मारता येईल असे ६,००० परवानेच बाहेरच्यांसाठी असतात. तिथे शेत विकत घेतले तरी राहता दुसरीकडे, तर बाहेरचेच.

पश्चिमेतली बरीच रानजमीन केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची. मग शिकारीत दुजाभाव का, हे परराज्यवाल्यांचे जुने गाऱ्हाणे. उत्तर ठरलेले: जमीन देशाची, हरीण राज्याचे. एल्क या मोठ्या हरणाच्या परवान्यावरून मोंटानाविरुद्ध चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बाहेरच्यांकडून घेतलेले जादा शुल्क वैध ठरवले. ही शिकार म्हणजे हौस, मूलभूत हक्क नव्हे, असे त्यामागचे म्हणणे. २००२ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने ॲरिझोनाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेवर प्रश्नचिन्ह लावले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २००५ मध्ये कायदाच करून राज्यांचा हा अधिकार पक्का केला.

वायोमिंगमध्ये परवान्यांची संख्या मर्यादित असलेल्या क्षेत्रांतले २० टक्के परवाने बाहेरच्यांना मिळतात आणि त्यांतले तीन चतुर्थांश ‘प्रेफरन्स पॉइंट’ (प्राधान्याचे गुण) जास्त असणाऱ्यांना जातात. सोडतीत नाव आले नाही तर पैसे भरून पॉइंट साठवता येतो. परवान्यासाठी अर्ज न करता तो नुसता विकतही घेता येतो. अर्थात सगळ्यांचेच पॉइंट वाढत असल्याने नामांकित क्षेत्रांत रांग दरवर्षी पुढे सरकण्याऐवजी लांबतच जाते. जास्त शुल्क भरणाऱ्यांची सोडत वेगळी असते. एवढे करून हाती येतो तो एक टॅग: हरीण पडले की त्यावर तारीख नोंदवायची, सही करायची आणि तो त्याच हरणाला लावायचा. एक टॅग, एक हरीण.