एचआयव्हीची प्रयोगशाळा तपासणी : ठाणे व नवी मुंबई

एचआयव्हीची लागण ओळखणे, लागण झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणू व सीडी-४ पेशी (विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) ठरावीक काळाने मोजणे आणि औषधे लागू पडत आहेत का हे पाहणे, या कामांसाठी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात उभी राहिलेली व्यवस्था. ती एका छताखाली नाही. ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय यांतील तपासणी केंद्रे, ठिकठिकाणच्या रक्तपेढ्या, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या खासगी लॅब आणि खारघरची कर्करोग संशोधन संस्था असे तिचे विखुरलेले भाग आहेत. यंत्रे पैसे टाकून आणता येतात. नमुना वेळेत, योग्य तापमानात आणि बरोबर क्रमांकासह एकीकडून दुसरीकडे पोचतो का, यावर निदानाचा भरवसा ठरतो.

या पट्ट्याचे वेगळेपण इथल्या ये-जा करणाऱ्या माणसांत आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारात आणि कळंबोलीच्या पोलाद बाजारात देशभरातून ट्रक येतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर परप्रांतीय कामगार घरापासून महिनोन्‌महिने दूर राहतात. आज वाशीत माल उतरवणारा चालक परवा गुजरातेत किंवा कर्नाटकात असतो. ‘रिपोर्ट चार दिवसांनी घेऊन जा’ असे त्याला सांगणे म्हणजे तो न देण्यासारखेच. त्यामुळे त्याच दिवशी निकाल देणाऱ्या झटपट चाचण्यांचे मोल इथे फार. दुसरी अडचण कारभाराची. मुलुंडपर्यंत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचे काम. चेकनाका ओलांडला की महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आणि तिचे जिल्हा पथक, म्हणजे बोलीत ‘डापकू’. रुग्ण मात्र ही हद्द मानत नाहीत. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून ऐरोलीचा माणूस ठाण्याला आणि ठाण्याचा थेट भायखळ्याच्या जे.जे.ला जातो.

विषाणूचा शोध १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला. त्यासाठी फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटॅनिए यांना २००८ चे नोबेल मिळाले. भारतात १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये पहिली लागण उघडकीस आली. डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने ते नमुने गोळा केले होते आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले गेले. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, १९९२ मध्ये सुरू झाली.

तपासणीचे टेबल

सरकारी रुग्णालयातले एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र, सर्वांच्या तोंडी ‘आयसीटीसी’, हे या व्यवस्थेचे दार. आधी समुपदेशकाशी बोलणे, संमती, मग रक्त. टेक्निशियन नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करतो आणि २ ते ८ अंशांत ठेवलेले किट बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतो. एका प्रकारच्या किटमध्ये प्लास्टिकचा कंगवा असतो. त्याचे दात एकामागून एक रसायनांच्या खळग्यांत ठरलेली मिनिटे बुडवायचे. शेवटी प्रत्येक दातावर वरचा नियंत्रण-ठिपका उमटलाच पाहिजे. तो नसेल तर खालचा ठिपका काहीही सांगो, चाचणी रद्द. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने बनवलेली प्रथिने, अँटीबॉडी) असतील तर खाली आणखी ठिपका येतो. वेळ उलटून गेल्यावर किट पुन्हा पाहायचे नाही, कारण उशिरा उमटलेली फिकट खूण फसवी असू शकते.

पहिली चाचणी निगेटिव्ह आली की काम संपले. ती ‘रिअॅक्टिव्ह’ आली तर त्याच नमुन्यावर वेगळ्या तत्त्वाच्या किंवा वेगळ्या प्रतिजनांच्या (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात त्या विषाणूच्या भागांच्या) आणखी दोन चाचण्या होतात आणि लक्षणे नसलेल्या माणसाला तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. हा अट्टहास कशासाठी, ते हिशोबाने कळते. समजा, १०,००० लोकांत ०.२ टक्के म्हणजे २० जणांना लागण आहे आणि चाचणी ९९.५ टक्के निरोगी लोकांना बरोबर ओळखते. म्हणजे उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जण चुकून रिअॅक्टिव्ह ठरतील. एकाच चाचणीवर भिस्त ठेवली तर हाती आलेल्या ७० ‘पॉझिटिव्हां’त खरे फक्त २०. चाचणी चांगली असूनही असे होते, कारण लागण विरळ आहे. शस्त्रक्रियेआधी सरसकट केलेल्या एकाच चाचणीचा कागद माणसाच्या हातात ठेवून त्याला घरी पाठवणे, हा प्रकार म्हणूनच घातक. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. कागदावर तरी.

तिन्ही निकाल जुळले नाहीत तर नमुना ‘अनिश्चित’ ठरतो आणि व्यक्तीला दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात. केंद्राचे काही नमुने वरच्या संदर्भ प्रयोगशाळेत पडताळणीसाठी जातात आणि उत्तर माहीत असलेले नमुने केंद्राकडे परीक्षेसारखे पाठवले जातात.

लागणीनंतर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण तीन आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंतही वेळ लागतो. या ‘विंडो पीरियड’मध्ये झटपट चाचणी निगेटिव्ह येते, पण विषाणू रक्तात असतो. पी-२४ हे प्रतिजनही शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी हा काळ सुमारे दोन आठवड्यांवर आणते, तर विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी ‘नॅट’ दहा-अकरा दिवसांवर. प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो रक्तपेढीत. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी सक्तीची आहे, मात्र नॅट देशभर सक्तीची नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना वर्षानुवर्षे रक्त घ्यावे लागते, त्यांच्या पालकांना हा फरक चांगला ठाऊक असतो.

बाळाची तपासणी आणि पावसाळा

आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे कंगव्याची चाचणी बाळाबाबत आईचेच उत्तर देते. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचून जाड शोषक कागदावरच्या छापील वर्तुळांत रक्ताचे थेंब घेतात आणि त्या वाळल्या डागातून विषाणूचे जनुकीय द्रव्य पीसीआरने शोधतात. थेंब एकाच वेळी वर्तुळभर पसरला पाहिजे. थेंबावर थेंब टाकला की कागद वाया. कार्ड उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता आडवे, निदान चार तास वाळवायचे. मे महिन्यात हे सहज जमते. जुलैत, कळव्याच्या खाडीवरून ओल येत असताना, रक्त लवकर वाळत नाही. अर्धवट वाळलेले कार्ड पाकिटात बंद केले तर बुरशी धरते, जनुकीय द्रव्य खराब होते आणि बाळाला पुन्हा बोलवावे लागते. म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या आणि ओल चढली की रंग बदलणारी पट्टी यांसह कार्ड झिपच्या पिशवीत जाते. तिथून ते खूप लांब, अगदी कुरियरनेही, बर्फाशिवाय पाठवता येते, ही या पद्धतीची मोठी सोय. अठरा महिने पूर्ण झाल्यावर बाळाचे अंतिम निदान पुन्हा नेहमीच्या तीन चाचण्यांनी होते.

सीडी-४, व्हायरल लोड आणि गोळ्या

देशात मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. तेव्हा सीडी-४ पेशी घनमिलीमीटरला २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या चालू होत नसत; पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ मध्ये ती पूर्णच गेली. आता निदान झाले की उपचार. त्यामुळे सीडी-४ची भूमिका बदलली. २०० च्या खाली आकडा असेल तर क्षयरोग व क्रिप्टोकॉकस बुरशीची तपासणी तातडीने करायची, हा तिचा आजचा मुख्य उपयोग. तिच्यासाठीचे रक्त बर्फावर ठेवायचे नाही, कारण मोजायच्या पेशी शाबूत लागतात.

व्हायरल लोडचे, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या मोजणीचे, उलटे. त्यासाठी काही तासांत प्लाझ्मा वेगळा करून थंड साखळीत पाठवावा लागतो. दोन नळ्या एकाच हातातून काढलेल्या, झाकणे एकाच जांभळ्या रंगाची आणि वागवण्याचे नियम विरुद्ध. नवख्या टेक्निशियनची गफलत नेमकी इथे होते. उपचारानंतर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी हा आकडा पाहतात. मिलीलिटरमध्ये १,००० प्रतींच्या वर गेला तर आधी गोळ्या चुकतात का हे विचारायचे, समुपदेशन करायचे आणि पुन्हा मोजायचे. तरीही खाली आला नाही तर जे.जे.सारख्या केंद्रातील तज्ज्ञ मंडळापुढे प्रकरण जाते. विषाणूच्या जनुकांतील बदल वाचून कोणते औषध निकामी झाले हे कळते. ‘एम१८४व्ही’ हा बदल दिसला तर विषाणू लॅमिव्हुडीन या औषधाला दाद देत नाही असे समजतात.

सध्याची पहिली गोळी टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर यांची, रोज एक. सुरुवातीच्या काळातल्या स्टॅव्ह्युडीनने पायाला मुंग्या आणि गालांना खळगे पडत. ते औषध हद्दपार झाले. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते. गाव बदलणाऱ्या रुग्णाकडे त्याचे ‘ग्रीन बुक’, म्हणजे उपचारांची नोंदवही, असते, त्यावरून दुसऱ्या केंद्रात उपचार चालू राहतो.

पश्चिम भारतात लक्षात ठेवायची बाब म्हणजे एचआयव्ही-२. भारतात बहुतांश लागण एचआयव्ही-१ च्या सी उपप्रकाराची आहे, पण पश्चिम आफ्रिकेतून पसरलेल्या दुसऱ्या विषाणूची नोंद मुंबईत १९९१ मध्येच झाली. नेव्हिरापिन, इफाव्हिरेंझ ही औषधे त्याच्यावर चालत नाहीत आणि एचआयव्ही-१ साठी बनवलेली व्हायरल लोड चाचणी त्याला पाहूच शकत नाही. रुग्ण खंगत चालला आणि रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असेल तर डॉक्टरने पहिली शंका हीच घ्यायला हवी.

खारघर

टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ या इथल्या कर्करोग संशोधन संस्थेत २०२१ मध्ये भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्या कर्करोगावर सोडणे) झाला. तो आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित केलेला होता आणि ‘नेक्सकार-१९’ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. रुग्णाच्या टी-पेशींत नवे जनुक घालण्यासाठी त्यात लेंटिव्हायरल वाहक वापरतात. असे वाहक एचआयव्हीच्याच सांगाड्यावर, रोग घडवणारी व पुन्हा वाढू देणारी जनुके काढून, तयार केलेले असतात. त्यांनी एचआयव्हीची लागण होत नाही. मात्र वाहकात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे छोटे तुकडे उरलेले असल्याने असा उपचार घेतलेल्या रुग्णाची काही नॅट चाचण्यांत एचआयव्ही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याला तपासायचे झाल्यास प्रतिपिंड चाचणी करावी आणि उपचाराचा इतिहास मागणीपत्रावर लिहावा.