तांबडी पेशी फोडतं कोण?

लोकमान्य नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ‘बबल टेस्ट’ लिहून दिली. मेंदूचा हलका झटका येऊन गेला होता आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक तर नाही ना, हे बघायचं होतं. चिठ्ठी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “अरे, शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो म्हणतात. मग हे मुद्दाम बुडबुडे कशाला सोडताहेत? वर परत ते सोनोग्राफीचं यंत्र. रक्ताला काही होत नाही ना?”

मी इथे इंदूरच्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्तच हाताळतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न डोक्यातून जाईना. बारीक सुईने घाईत ओढलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळी गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून, काढलं की चुगली लगेच होते. नळीत वर फिकट पिवळं पाणी दिसायला हवं, तिथे गुलाबी झाक येते. तांबड्या पेशी फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन बाहेर आलं. “हिमोलाइज झालंय, परत घ्या,” एवढंच आम्ही म्हणतो. अल्ट्रासाउंडचे अभ्यासक जवळजवळ शंभर वर्षं हाच रंग बघत आले आहेत.

सुरुवात शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यापासून झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या तुलाँ बंदरात पॉल लांजव्हँ हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्वार्ट्झचा स्फटिक विजेवर थरथरवून पाण्यात कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडत होते. त्या झोतात आलेले मासे मरत, हात घातला तर कळ येई. हे पाहून गेलेल्या रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने पुढे आल्फ्रेड लूमिस यांच्या न्यूयॉर्कजवळच्या खासगी प्रयोगशाळेत तोच प्रयोग कितीतरी मोठ्या ताकदीने केला. १९२७ साली दोघांनी निष्कर्ष छापले. त्यात रक्तही होतं: सलाईनमधल्या तांबड्या पेशींवर ध्वनी सोडला की गढूळ मिश्रण स्वच्छ, आरपार दिसणारं लाल होई. पेशी उरतच नसत.

मग पेशी फोडल्या कोणी? ध्वनीने, उष्णतेने, की आणखी कशाने? मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उत्तर फार साध्या युक्तीने सापडलं. द्रवावर बाहेरून दाब वाढवला, किंवा त्यात विरघळलेली हवा आधीच काढून टाकली, तर ध्वनी तोच असूनही पेशी शाबूत राहत. म्हणजे गुन्हेगार ध्वनी नव्हता, द्रवात तयार होणारा बुडबुडा होता. आकुंचन पावत कोसळणाऱ्या पोकळीत दाब किती भयंकर वाढतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं, पण ते जहाजांच्या पंख्यांची पाती का कुरतडली जातात हे समजून घेण्यासाठी. धातू कुरतडणाऱ्या गोष्टीपुढे तांबड्या पेशीचं नाजूक आवरण ते काय टिकणार!

पण बुडबुडा कोसळायलाच हवा असंही नाही. १९७० मध्ये जेम्स रूनी या संशोधकाने एकाच स्थिर बुडबुड्याजवळ रक्तपेशी ठेवून दाखवलं की तो नुसता धडधडत राहिला तरी भोवती बारीक भोवरे उठतात आणि त्या ओढाताणीने पेशी फाटतात. लॅबवाल्याला हे पटकन पटतं. सुईतही पेशी अशाच ओढाताणीने फाटते.

पुढच्याच वर्षी मेरी डायसन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळंच काही नोंदवलं. कोंबडीच्या गर्भाच्या रक्तवाहिन्यांत, परतणाऱ्या ध्वनिलहरींमुळे तांबड्या पेशी ठरावीक अंतरावर पट्ट्यांत गोळा होऊन थांबल्या. झोत बंद केला की रक्त पुन्हा वाहू लागे.

दरम्यान बुडबुड्याचं नशीब पालटलं होतं. १९६८ मध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शाह या डॉक्टरांनी हृदयात द्रव टोचताना एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर पांढरा ढग उमटतो, हे प्रसिद्ध केलं. तो ढग सूक्ष्म बुडबुड्यांचा होता. काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बुडबुडा नेमका सोनोग्राफीच्या मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातच जोरात कंप पावतो, म्हणून तो इतका उठून दिसतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तेवढाच किंवा त्याहून लहान बुडबुडा केला तर तो तिच्याच वाटेने केशवाहिन्यांतून निसटतो. मग आल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं किंवा मेदाचं कवच घालून, आत हवा किंवा जड वायू भरून टिकाऊ बुडबुडे बनू लागले. १९९४ मध्ये अमेरिकेत आल्ब्युनेक्स या अशा बुडबुड्यांच्या औषधाला परवानगी मिळाली, १९९७ मध्ये ऑप्टिसनला.

साहजिकच जुना प्रश्न परत आला, कारण आता बुडबुडे आपणच आणून सोडत होतो. नव्वदच्या दशकात प्रयोगनळ्यांमधून उत्तर मिळालं: हो, बुडबुडे असतील तर पेशी जास्त फुटतात. दाब वाढवला की आणखी, कंपनसंख्या वाढवली की कमी. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा ‘एमआय’ (मेकॅनिकल इंडेक्स) हा आकडा याच विचारातून आला. ध्वनीचा सर्वांत खोल ऋण दाब मेगापास्कलमध्ये घ्यायचा आणि मेगाहर्ट्‌झमधल्या कंपनसंख्येच्या वर्गमुळाने भागायचा. अमेरिकी नियमात त्याची कमाल १.९ आहे, टिकाऊ बुडबुडे सोडल्यावर सहसा त्याच्या बरंच खाली राहतात. २००७ मध्ये तिथे या औषधांवर कडक इशारा छापला गेला, पण तो टोचल्यानंतर येणाऱ्या हृदय-फुप्फुसांच्या त्रासाबद्दल होता, आणि पुढच्या वर्षी सौम्य झाला.

बुडबुड्याची फोडण्याची ताकद आता कामालाही लावतात. मेंदूतली गुठळी विरघळवताना २००६ मध्ये बार्सिलोनात अल्ट्रासाउंडबरोबर बुडबुडे वापरून पाहिले. कुलेर्व्हो हिनिनेन या संशोधकाने २००१ मध्ये सशांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत बुडबुड्यांच्या मदतीने तात्पुरती सैल केली. या कामात मात्रा जास्त झाली का, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे वाहिनीबाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी.

काकूंच्या तपासणीला मला आत उभं राहू दिलं. दोन सिरिंजा, मध्ये त्यांना जोडणारी तीन तोंडांची तोटी, थ्री-वे. नऊ मिली सलाईन, एक मिली हवा आणि त्यांचंच किंचित रक्त. इकडून तिकडे दहाएक वेळा ढकलल्यावर गुलाबी फेस झाला आणि लगेच हाताच्या शिरेत गेला. “काकू, हे बुडबुडे फुप्फुसात गाळले जातात, हवा श्वासावाटे निघून जाते,” मी सांगितलं. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरी भरली आणि थोड्या ठोक्यांत विरली. डावी बाजू काळीच राहिली, म्हणजे पडद्यातून बुडबुडे पलीकडे गेले नाहीत.