मूळव्याधीचा कोंब की मेलॅनोमा? रुग्णांसाठी माहिती

संडासवाटे रक्त जातं, हाताला कोंब लागतो, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. बहुतेकांना ही मूळव्याधच असते. पण गुदद्वाराचा मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, नेमक्या याच तक्रारी घेऊन येतो. तो दुर्मीळ आहे आणि म्हणूनच निसटतो. काळ्या रंगावर विसंबू नका: बऱ्याच गाठींना रंगच नसतो, उलट रक्त साकळलेला साधा कोंब काळानिळा दिसतो.

बोटाने तपासणी आणि प्रॉक्टोस्कोपी (छोटी नळी घालून गुदद्वार आतून पाहणं) केल्याशिवाय आम्ही रबर बँड, इंजेक्शन किंवा लेझर करत नाही. बँड लावलेला कोंब आठवड्याभरात गळून संडासात वाहून जातो, लेझरने तो जागीच जळतो. तपासायला काही उरतच नाही. संशय आला तर आधी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. कापून काढलेला कोंब कितीही साधा दिसो, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात घालून पॅथॉलॉजीला जातो. नुसत्या सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. रंग नसलेली गाठ स्लाइडवर लिम्फोमासारखीही (लसिका पेशींचा कॅन्सर) दिसू शकते, म्हणून मेलॅनोमाच्या पेशी ओळखणाऱ्या एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, मेलॅन-ए या चाचण्या लागतात. त्यांचे पैसे वेगळे पडतात, पण त्या टाळू नका.

निदान पक्कं झाल्यावर आजार कुठवर पसरला आहे हे पाहायला ओटीपोटाचा एमआरआय, पेट-सीटी (सगळ्या शरीराचा स्कॅन) आणि मेंदूचा एमआरआय. जांघेतल्या लसिका गाठीही तपासतात.

मोठं ऑपरेशन म्हणजे जास्त आयुष्य, हे गणित या आजारात जमत नाही. गुदद्वार आणि मलाशय पूर्ण काढलं तर गाठ त्याच जागी परत येण्याची शक्यता कमी होते, पण शौचासाठी पोटावर कायमची पिशवी येते आणि आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. कारण आजार बहुधा यकृत, फुप्फुसांतून डोकं वर काढतो. त्यामुळे कडा स्वच्छ ठेवून, म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी न उरता, गाठ काढता येत असेल आणि झडपेचा (शौच रोखून धरणारा) स्नायू वाचत असेल, तर आम्ही तेवढंच करतो. गाठ स्नायूत खोल शिरली असेल तर मात्र मोठ्या ऑपरेशनला पर्याय नसतो; पिशवीची जागा आदल्या दिवशी तुम्हाला बसवून, उभं करून ठरवतात, नाहीतर ती पोटाच्या वळीत जाऊन गळत राहते.

इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) निर्णय ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञ, घेतात. किट आणि बीआरएएफ जनुकांची तपासणी मात्र टार्गेटेड थेरपीसाठी, म्हणजे त्या जनुकांतल्या बदलावर नेमका मारा करणाऱ्या औषधांसाठी. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.