धोरणात्मक नियोजन : कोकणातील लहान कॅथोलिक महाविद्यालये

पुढच्या पाच-दहा वर्षांत कोणते विषय शिकवायचे, कोणाला शिकवायचे, त्यासाठी पैसा आणि माणसे कुठून आणायची, हे संस्थेच्या मूळ हेतूशी ताडून आधीच ठरवण्याची पद्धत. लष्करातून व्यापारात आणि तिथून विद्यापीठांत आलेला हा शब्द कोकणातल्या स्टाफरूममध्ये क्वचितच ऐकू येतो. तिथे त्याला ‘पर्स्पेक्टिव्ह प्लॅन’, अलीकडे ‘आयडीपी’ (संस्थात्मक विकास आराखडा) आणि आपापसात बोलताना सरळ ‘नॅकची फाइल’ म्हणतात; नॅक म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद. हे शेवटचे नाव सगळ्यांत प्रामाणिक.

या किनाऱ्यावरच्या कॅथोलिक उच्च शिक्षणसंस्था म्हणजे मुख्यतः मुंबई किंवा गोवा विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालये. मुंबईचे सेंट झेवियर्स (१८६९) जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचे, २०१० पासून स्वायत्त. गोव्यात म्हापशाचे सेंट झेवियर्स १९६३ चे, तर नुवे येथील कार्मेल (१९६४) अपोस्टोलिक कार्मेल संघाच्या सिस्टर्सचे. मुंबईतल्या जुन्या नावाला विद्यार्थ्यांची वानवा नाही. नियोजनाचा खरा कस लागतो तो तालुक्याच्या गावी, जिथे एखाद्या वर्गात वीस मुले कमी आली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो.

आराखडा करणे ऐच्छिक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीने संस्थेच्या शैक्षणिक, प्रशासकीय आणि पायाभूत वाढीचा सर्वंकष आराखडा तयार करायचा असतो. नवे महाविद्यालय कुठे निघेल हे विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा ठरवतो. नॅकच्या सहाव्या निकषात धोरण आखणी आणि अंमलबजावणीला वेगळे गुण आहेत. त्यावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संस्थात्मक विकास आराखड्याची भर घातली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच धोरणाची अपेक्षा अशी, की उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिथे ३,००० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत. लहान महाविद्यालयाला हा आकडा वाचून घाम फुटतो.

कारण कोकणात मुलेच कमी होत आहेत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले असते, पण चांगले गुण मिळालेले मूल आधी मुंबई-पुण्याची गाडी पकडते. नियोजनाच्या बैठकीत फळ्यावर बलस्थाने, उणिवा, संधी, धोके असे चार रकाने आखले जातात आणि ‘निकाल उत्तम’ हे वाक्य बलस्थानांत पडते. ते धोक्यांच्या रकान्यातही लिहिता येईल. या बैठकीत सर्वांत उपयोगी कागद हेडक्लार्ककडे असतो : दाखल्यांचे रजिस्टर. कोण मधूनच सोडून गेले, कोणत्या महिन्यात गेले आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले, हे तिथे ओळीने सापडते. दुसरी वही चर्चच्या कपाटात असते. बाप्तिस्म्याची नोंदवही पाहिली, की अठरा वर्षांनी त्या पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या हद्दीतून, किती मुले प्रवेशाला येऊ शकतील याचा अंदाज आजच बांधता येतो. असा आयता आधार इतर संस्थांना मिळत नाही, तरीही फाइलमध्ये या वहीचा उल्लेख आढळणे अवघड.

कॅथोलिक संस्थेच्या आराखड्याला दुसरा मालकही असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथोलिक विद्यापीठांसाठी प्रेषितीय संविधान, म्हणजे पोपच्या अधिकारातला नियमवजा दस्तऐवज, काढले. त्यात संस्थेची ख्रिस्ती प्रेरणा केवळ वैयक्तिक नव्हे तर सामूहिकही असावी असे म्हटले आहे आणि बिगर-कॅथोलिक शिक्षकांचे बहुमत होऊ देऊ नये असेही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून कमी आहेत, गोव्यात सुमारे पंचवीस. म्हणजे म्हापशाला जे कलम निदान विचारात घेता येते, ते सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे अक्षरशः पाळणे कठीण. व्यवहारात ‘प्रेरणा’ म्हणजे कोणाला फी माफ होते आणि मच्छीमारांच्या मुलांसाठी प्रवेशाची तारीख सैल ठेवतात का, यावरून लोक संस्थेची पारख करतात. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे; २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा विस्ताराने विचार केला. हक्क आहे, पण पगार सरकारी अनुदानातून येत असेल तर नियमही सोबत येतात.

प्राचार्य फादर किंवा सिस्टर असतील तर आणखी एक पेच. आराखडा पाच वर्षांचा, पण त्यांची बदली प्रोव्हिन्शियल (धर्मसंघाचे प्रांतप्रमुख) किंवा बिशप यांच्या हातात. नवे फादर येतात, फाइल चाळतात, आणि ‘आमच्या आधीच्या कॉलेजात’ असे म्हणत नवा मसुदा सुरू होतो.

इमारतीचे कलम तर बारकाईने वाचावे. जमीन विकून निधी उभा करायचा झाल्यास मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडची असेल तर चर्च कायद्यानुसार वरची परवानगी लागते, काही वेळा थेट रोमची. शिवाय सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची. दोन्ही हातात येईपर्यंत मृग लागतो आणि जांभ्याचे बांधकाम दिवाळीपर्यंत लांबते. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते वादळ झाल्यापासून छपराचा खर्च वेगळा दाखवणे शहाणपणाचे.

अभ्यासक्रमाच्या बाजूने ‘पर्यटन’ हा शब्द हमखास येतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून हा शब्द सोयीचा आहे. पण आता पदवीत ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, श्रेयांक आहेत, आणि मालवणातल्या न्याहारी-निवास घरांना हात लागतात ते दिवाळीच्या सुटीत, नाताळात आणि मे महिन्यात. नेमकी तेव्हा परीक्षा तरी असते किंवा सुटी तरी. श्रेयांक भरण्याचे सत्र मात्र जूनमध्ये सुरू होते, तेव्हा किनाऱ्यावर पाहुणा नसतो आणि होड्या ताडपत्रीखाली असतात.