स्वमग्न किशोरांचा राग: पार्श्वभूमी

गोव्यात हा विषय घरी येतो तो बहुधा शाळेच्या डायरीतून, सातवी-आठवीत. 'बालरथमध्ये (शाळेच्या बसमध्ये) दुसऱ्या मुलाला मारले, पालकांनी भेटावे.' पाचवीपर्यंत 'हट्टी' म्हणून खपून गेलेलं पोर तोवर उंचीने आईच्या पुढे गेलेलं असतं. राग तोच, पण आता लोक घाबरतात.

1943 मधल्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) पहिल्या वर्णनातही ठरलेला क्रम मोडला की ही मुलं कशी अस्वस्थ होतात, हे होतं. निदानाच्या मुख्य निकषांत मात्र भावना आवरण्याची अडचण आली नाही. 2013 च्या फेररचनेत आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास आत घेतला गेला. राग तेव्हाही बाहेरच राहिला.

ती जागा औषधाने घेतली. 2002 मध्ये अमेरिकेत 5 ते 17 वर्षांच्या 101 मुलांवरची आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरचं औषध घेणाऱ्यांपैकी 69 टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर 12 टक्के. त्या जोरावर 2006 मध्ये तिथल्या औषध नियामकाने 5 ते 16 वयासाठी मान्यता दिली, ती 'चिडचिडेपणा'साठी. 2009 मध्ये त्याच कारणासाठी ॲरिपिप्राझोल हे दुसरं औषध आलं. वाद त्या एका शब्दात काय काय कोंबलं यावर आहे: आदळआपट, दुसऱ्याला मारणं, स्वतःचा हात चावणं, क्षणात पालटणारा मूड. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणाऱ्या मुलाच्या घराला या गोळीने झोप दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चाचणीने राग किती ते मोजलं; रागाआधी काय घडलं ते मोजायचं तिचं कामच नव्हतं. शिवाय त्या आठ आठवड्यांत वजन सरासरी 2.7 किलोने वाढलं, दिखाऊ गोळीवर 0.8 ने. चौदाव्या वर्षी, वर्गात आधीच चिडवलं जात असताना, ही किरकोळ बाब नव्हे.

आपल्याकडे 1995 च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हती. 1999 मध्ये वेगळ्या कायद्याने दखल घेतली, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी लागू झाली. तिच्यात 'उघड कारण नसताना उत्तेजित होणे' असाही एक मुद्दा आहे. उघड कोणाला? नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या पहाटेआधी, वाड्यावर पहाटेपर्यंत स्पीकर दणाणतात. मुलगा रात्रभर कान दाबून पडून राहतो आणि सकाळी गोड फोवांची (पोह्यांची) वाटी भिरकावतो. पाहुण्यांना दिसते ती फक्त वाटी.

हल्ली समुपदेशनात भर आहे तो छाती धडधडणं, जबडा आवळणं या खुणा मुलाला स्वतःला ओळखता येण्यावर. खूण ओळखल्यावर वर्गाबाहेर जाता आलं पाहिजे. 2016 चा कायदा मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायला सांगतो. प्रत्यक्षात हात वर न करता उठून जाणं कुठे सोय धरलं जातं, कुठे बेशिस्त. ते त्या वर्षीचा वर्गशिक्षक ठरवतो.