जुने चेनसॉ : खरेदी आणि पुनर्बांधणी

उत्पादन बंद झालेले, पेट्रोलवर चालणारे चेनसॉ (फिरत्या दातेरी साखळीचे करवत) विकत घेऊन ते पुन्हा लाकूड कापण्याजोगे करण्याची कारागिरी. यात मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची ते १९८० च्या दशकापर्यंतची यंत्रे येतात. कोणी ती कपाटात ठेवण्यासाठी घेतो, कोणी रोजच्या कामासाठी. कामाची पद्धत मात्र दोन्हींत एकच असावी, कारण जुना चेनसॉ ‘सुरू होतो’ म्हणजे तो ‘ठीक आहे’ असे नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. वाळलेल्या ऑइल सीलमधून किंवा तडकलेल्या गॅस्केटमधून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) हवा शिरली, की मिश्रणातले पेट्रोल कमी पडते आणि त्याबरोबर तेलही. इंजिन काही मिनिटे जोरात धावते आणि पिस्टन घासून जातो. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कित्येक चांगले चेनसॉ नव्या मालकाने उत्साहाने ओढलेल्या पहिल्या दोरीनेच संपतात. म्हणून आधी गळती तपासायची आणि नंतरच इंजिन सुरू करायचे.

यंत्राची घडण आणि तिचे टप्पे

आंड्रेआस श्टील यांचा विजेवर चालणारा चेनसॉ १९२६ चा; वजन ६४ किलो. जर्मनीतील डोलमार या डोंगरावर एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारे ५८ किलोंचे यंत्र चालवून दाखवले आणि डोंगराचेच नाव कंपनीला दिले. ही यंत्रे दोघांनी धरायची असत. एकट्याने हाताळायचा चेनसॉ प्रचलित झाला तो युद्धानंतर, हलके मिश्रधातू आणि डायफ्राम कार्बोरेटर यांच्यामुळे. त्याआधीच्या फ्लोट कार्बोरेटरला इंजिन सरळ उभे लागे. म्हणून जुन्या नमुन्यांत इंजिन न हलवता गाइड बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) आडवा-उभा फिरवण्याची सोय दिसते. साखळीचे आजचे रूप जोसेफ कॉक्स यांच्यामुळे आले. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून त्यांनी घडवलेली साखळी १९४७ मध्ये बाजारात आली.

खरेदीदाराला उपयोगी पडतील अशा काही खुणा : मॅकलॉकचा ३-२५ हा १९४९ चा, सुमारे ११ किलोंचा. गिअरशिवाय थेट क्लचवरून साखळी फिरवणारा श्टील काँट्रा १९५९ चा. हुस्क्व्हर्नाचा पहिला चेनसॉ, मॉडेल ९०, त्याच वर्षीचा. होमलाइट एक्सएल-१२ हा १९६३ चा. गिअर असलेले यंत्र सावकाश पण ताकदीने कापते. त्याच्या गिअरपेटीत वेगळे तेल असते आणि ते तपासायला लोक हटकून विसरतात.

कोणता घ्यावा

निवड करताना ताकद किंवा दुर्मीळपणा यांपेक्षा सुटे भाग मिळण्याची शक्यता महत्त्वाची. होमलाइट कंपनी १९९४ मध्ये जॉन डीअर कंपनीकडे गेली, मॅकलॉक १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, डोलमार १९९१ मध्ये माकिताने घेतली. अशा कंपन्यांचे मूळ भाग म्हणजे जुन्या साठ्यातील शिल्लक किंवा दुसऱ्या यंत्रातून काढलेले. मोठ्या संख्येने विकले गेलेले मॉडेल घेतले तर भागांसाठी तसेच दुसरे मोडके यंत्र मिळते, आणि एकाच्या खर्चात दोन घेणे हा नवख्यासाठी उत्तम सौदा आहे. एक्सएल-१२ आणि सुपर एक्सएल हे एकाच घराण्यातले, त्यामुळे त्यांचे बरेच भाग एकमेकांना चालतात. १०६ सीसीचा श्टील ०७० आणि १३७ सीसीचा ०९० यांना मागणी मोठी. पण ०७० च्या नकला बाजारात आहेत, तेव्हा ओतकामाची सफाई आणि अनुक्रमांक नीट पाहावा.

कमी लक्ष दिले जाते अशी बाब साखळीची. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे केले की पिच मिळतो : .४०४ इंची म्हणजे १०.२६ मिमी, ३/८ इंची म्हणजे ९.३२ मिमी. जुन्या यंत्रांवर ७/१६ किंवा १/२ इंच पिच आढळतो. त्यांपैकी ७/१६ ची साखळी आता सहज मिळत नाही. अशा वेळी स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक), गाइड बार आणि साखळी हे तिन्ही बदलावे लागतात. त्या मॉडेलसाठी .४०४ किंवा ३/८ चे स्प्रॉकेट मिळते का, हे खरेदीपूर्वीच ठरवावे.

खरेदीच्या वेळची तपासणी

दोरीची मूठ धरून यंत्र लटकवावे. कॉम्प्रेशन असलेले इंजिन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. सरसर घसरले तर रिंग, पिस्टन किंवा सिलिंडर गेलेला असतो. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना सिलिंडरचा दाब सोडणारा) असल्यास तो बंद आहे ना हे आधी पाहावे. मग सायलेन्सरचे बोल्ट काढून टॉर्चने पिस्टन बघावा. ही पाच मिनिटांची मेहनत विक्रेत्याच्या कोणत्याही शब्दापेक्षा जास्त सांगते. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि चिकटलेले ॲल्युमिनियम दिसले तर कारण उष्णता : बिनतेलाचे पेट्रोल किंवा हवागळती. कार्बोरेटर काढून इनटेकच्या बाजूने पाहता पिस्टन तिथेच निस्तेज, बारीक घासलेला दिसला तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेलेली असते.

प्रेशर गेज असल्यास इंजिन थंड, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत दोरी ओढावी. १३० ते १६० पीएसआय चांगले. १०० च्या खाली सुरू होणे कठीण. गेजचा एकमार्गी व्हॉल्व्ह प्लगच्या भोकात जाणाऱ्या टोकाशीच हवा. तो नळीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नळीतली जागाही ज्वलनकक्षात धरली जाते आणि छोट्या इंजिनाचा आकडा खोटाच कमी दिसतो.

जाम झालेले इंजिन टाकाऊच असते असे नाही. गंजाने धरलेले असेल तर प्लगच्या भोकातून भेदक तेल सोडून काही दिवस ठेवावे आणि फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने मागेपुढे करावे. दोरीला हिसके देऊ नयेत. स्टार्टरची दातरी आधी तुटते.

सफाई आणि धातूची जात

बहुतेक जुन्या चेनसॉंचे क्रँककेस मॅग्नेशियमचे आहे, ॲल्युमिनियमचे नव्हे. व्हिनेगर, सायट्रिक आम्ल किंवा गंज काढायची आम्लधर्मी द्रावणे त्याला अक्षरशः खातात. रॉकेल, नायलॉनचा ब्रश आणि लाकडी काडी एवढ्यावर भागते. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाण्याने आग भडकते, म्हणून भोक पाडताना किंवा घासताना कोरडी वाळू जवळ ठेवावी. जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती कोरडी न घासता ओली करून काढावीत.

खोलताना क्लच बहुधा उलट्या आट्यांचा असतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन रोखण्यासाठी प्लगच्या भोकातून दोरीचा गुंडा सोडतात, पण पिस्टनने एक्झॉस्टचे तोंड झाकल्यावरच. तोंड उघडे असताना सोडली तर दोरी तिथे अडकते आणि पिस्टनची कड मोडते.

सिलिंडर

क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेल्या सिलिंडरवर चिकटलेले ॲल्युमिनियम बरेचदा फक्त वर बसलेले असते, खाली मुलामा शाबूत असतो. कॉस्टिक सोड्याची दाट लापशी कापसाच्या काडीने नेमकी त्याच डागावर लावतात. ते फसफसते, ॲल्युमिनियम विरघळते आणि क्रोम तसेच राहते. फसफस थांबली की पुसून पुन्हा लावायचे. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या तोंडांच्या) कडांना सोडा लागू देऊ नये, तिथे उघडे ॲल्युमिनियम असते. हातमोजे आणि चष्मा अनिवार्य. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरक्या रेघा माराव्यात आणि लगेच तेलाचा हात द्यावा. नखाला खाच लागत असेल किंवा पोर्टच्या कडेचा मुलामा सुटला असेल तर तो सिलिंडर सोडून द्यावा. ओतीव लोखंडी अस्तराच्या सिलिंडरला मात्र हलके होनिंग (आतून दगडाने घासणे) चालते.

रिंग रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने मोजावी. ५० मिमी बोअरला (आतल्या व्यासाला) नव्या रिंगची फट ०.२ मिमीच्या आसपास असते; ती १ मिमीजवळ गेली की रिंग बदलावी.

सील आणि गळतीची चाचणी

वीस-तीस वर्षे पडलेल्या यंत्राचे दोन्ही ऑइल सील न तपासता बदलावेत. ते स्वस्त असतात आणि पिस्टन महाग. नंतर इनटेक व एक्झॉस्ट रबराची पट्टी आणि धातूची पाती लावून बंद करायचे आणि इम्पल्सच्या भोकातून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणाऱ्या) किंवा प्लगच्या जागेतून हातपंप जोडायचा. आधी ७ पीएसआय दाब : तो निदान २० सेकंद टिकावा. क्रँक सावकाश फिरवत सील, सिलिंडरचा तळ आणि क्रँककेसचा सांधा यांवर साबणाचे पाणी लावले की फुगे जागा दाखवतात. त्यानंतर तेवढाच निर्वात. ही दुसरी पायरी टाळण्याजोगी वाटते, पण सीलची ओठपट्टी आतल्या दाबाने शाफ्टवर आवळते आणि निर्वातात सैल होते. दाबाची चाचणी पास झालेला सील निर्वातात नापास होऊ शकतो. रीड व्हॉल्व्हच्या (इंधनमिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या लवचीक पात्यांच्या) यंत्रात रीडची पाती सपाट बसतात का, हेही याच वेळी पाहावे.

ठिणगी

मॅग्नेटोचे (ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रणेचे) पॉइंट काळे पडणे हे ठिणगी नसण्याचे सर्वांत साधे कारण. बारीक कानशीने साफ करून, त्यांच्यामधून कोरे कार्ड ओढून तेलकटपणा काढावा. फट मॉडेलनुसार ०.३५ ते ०.४५ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात सुमारे ०.२५ मिमी. थंड असताना उत्तम ठिणगी आणि दहा मिनिटांनी शून्य, असे झाले तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून सोडतो आहे. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी दोरी उलट हिसका देते : फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी ठेवणारी चावी कातरली गेली असण्याचा संभव मोठा.

कार्बोरेटर आणि इंधन

डायफ्राम कडक झाला की बदलण्याला पर्याय नाही. नवा संच बसवताना मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्राम. पंपाच्या बाजूला बहुतेक कार्बोरेटरांत उलट, आधी डायफ्राम. क्रम चुकला की यंत्र सुरू होऊन मरते आणि माणूस दिवसभर स्क्रू फिरवत बसतो. मीटरिंग लिव्हर टिलॉटसन व वॉलब्रो कंपन्यांच्या अनेक जुन्या कार्बोरेटरांत कक्षाच्या तळाशी समपातळीत हवा. उंच असेल तर पेट्रोल वाहते, खाली असेल तर कमी पडते. सुईचा व्हॉल्व्ह ७ पीएसआयवर गळता कामा नये. जेटमध्ये तार घालू नये.

मिश्रणाचे दोन्ही स्क्रू, मंद वेगाचा ‘एल’ आणि पूर्ण वेगाचा ‘एच’, एक-एक फेरा उघडून सुरुवात करावी. ‘एच’ स्क्रू असा ठेवावा, की पूर्ण वेगात लाकडाबाहेर इंजिन भरभरे, अडखळते वाजेल आणि लाकडात शिरताच आवाज साफ होईल. बाहेरच आवाज स्वच्छ, तीक्ष्ण असेल तर मिश्रणात पेट्रोल घातक कमी आहे. जुनी मोठी इंजिने मंद वेगाचीच असतात. त्यांना आजच्या चेनसॉसारखे किंचाळवू नये.

टाकीवरच्या जुन्या पाटीत लिहिलेले १६ ला १ (पेट्रोल व तेल) प्रमाण त्या काळच्या तेलासाठी होते. आजचे चांगले टू-स्ट्रोक तेल ३२ ला १, म्हणजे लिटरला सुमारे ३१ मिली, पुरते. प्रमाण बदलले की कार्बोरेटर पुन्हा लावावा, कारण तेल कमी झाले की तेवढ्याच थेंबात पेट्रोल वाढते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर फुगवते आणि ओलावा धरते. शक्य असेल तर टाळावे, आणि इंधनाची नळी इथेनॉलला टिकणारीच घ्यावी.

वापरताना

हुस्क्व्हर्नाने चेन ब्रेक आणला तो १९७३ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांत ब्रेक नाही, अनेकांत कंपन शोषणारे रबर नाही, तुटलेली साखळी अडवणारा खुंटाही नाही. गाइड बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून थेट चेहऱ्याकडे येते. असे यंत्र जमिनीवरचे ओंडके कापायला वापरावे. झाडावर चढून किंवा खांद्याच्या वर उचलून कधीही नाही. कंपनाने बोटे बधिर होऊन पांढरी पडतात, म्हणून सलग वेळ कमी ठेवावा. साखळीला तेल हाताने सोडायचा पंप असेल तर कापताना दर काही सेकंदांनी अंगठा दाबणे ही सवयच लावावी लागते.

इंधनाच्या पहिल्या दोन-तीन टाक्या संपल्यानंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, सिलिंडरचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळावेत. नवे गॅस्केट दबले की ते सैल पडतात. रंगकाम करायचेच असेल तर ते यानंतर, आणि मॅग्नेशियमवर आधी इपॉक्सी प्रायमर.