मुदत सांगणं आणि घाई लावणं

दिवाळी जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फराळाचे मेसेज सुरू होतात. नमुन्यादाखल दोन बघा.

“त्वरा करा!!! शेवटचे ५ डबे शिल्लक! आजच बुक करा, संधी हुकवू नका!”

“भाजणीच्या चकल्या, अर्धा किलो २८० रुपये. नौपाड्यात घरपोच, घोडबंदर रोडला ५० रुपये जास्त. भाजणी शनिवारी गिरणीत टाकणार, म्हणून ऑर्डर शुक्रवारी रात्री ८ पर्यंत. त्यानंतरच्या ऑर्डरी भाऊबीजेनंतर.”

लवकर ऑर्डर द्या, असंच दोघंही म्हणतायत. म्हणूनच लिहिताना गल्लत होते. दुसऱ्या मेसेजमधली मुदत कामातून आली आहे. गिरणीचा दिवस ठरला की ती आपोआप ठरते. पहिल्यात कारणच नाही. मुळात ऑर्डरप्रमाणे बनणाऱ्या मालात ‘शिल्लक’ काय असणार? डबे अजून भरलेच नाहीत. तिथे मर्यादा असते ती हातांची आणि कढईची. तीच लिहावी: “दिवसाला ६ किलोच तळून होतं. सोमवार भरला, मंगळवारी ४ किलो घेता येईल.” हा टंचाईचाच मेसेज आहे, पण खरा. फक्त ऑर्डर आली की तो आकडा त्याच दिवशी बदलायला हवा. तीन दिवस ‘४ किलो’च दिसलं तर खरी गोष्टही खोटी वाटते.

आपला मजकूर कुठल्या बाजूला पडतो हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी ऑर्डर दिली तर काय होईल? “तरी घेऊच” असं उत्तर असेल तर ती मुदत नव्हे. ‘लोकाग्रहास्तव २ दिवस वाढवले’ हा मेसेज म्हणूनच सगळ्यात महागात पडतो. पुढच्या वर्षी नेहमीचं गिऱ्हाईकही थांबून बघतं. खरोखर जागा झाली असेल तर कारण द्या: “दोन ऑर्डरी रद्द झाल्या, दीड किलो मोकळं आहे.”

हंगामी मालात ही चूक हमखास होते. एप्रिलच्या मध्यात ‘हापूस संपत आला’ लिहिणाऱ्याला वाशीच्या बाजारात जाऊन आलेला माणूस लगेच ओळखतो, कारण साधारणपणे एप्रिल-मेमध्येच तिथली आवक भरात असते आणि भाव उतरतात. तेव्हा “आत्ता भाव उतरलेत, पिकायला चार-पाच दिवस ठेवावा लागेल” हे जास्त कामाचं.

ऑनलाइन विक्रीत तर हा कायद्याचाही विषय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये डार्क पॅटर्न्सविरोधात, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅपवर ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या क्लृप्त्यांविरोधात, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. दुकानाच्या वेबसाइटवर पान उघडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजणारं घड्याळ लावलं असेल तर ते काढून टाका.

खरी मुदतही चुकीच्या जागी आली तर टोचते. ती पहिल्या ओळीत टाकू नये. वस्तू हवी की नको हेच ठरलं नसताना तारीख वाचणाऱ्याला ती कटकट वाटते. आधी वस्तू, वजन, भाव, पोहोच. मग मुदत, कारणासकट. उद्गारचिन्ह एकही नको.

आठवण एकदाच, आदल्या दिवशी सकाळी, आणि ती ज्यांनी चौकशी केली पण ऑर्डर दिली नाही त्यांनाच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये अशांना वेगळं लेबल लावता येतं. सगळ्या यादीला पाठवलं तर पैसे भरून मोकळे झालेलेही वैतागतात. मजकूर एवढाच पुरे: “तुम्ही परवा चकलीचं विचारलं होतं. ऑर्डर उद्या रात्री ८ पर्यंत घेतोय. नको असेल तर कळवायची गरज नाही.”